काठापासून दोन बोटं

बुधवार पेठ, सोलापूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप सिद्राममामांस,
रत्नदीपचा सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "तीन वर्षं पीएचडी करतोस म्हणजे रोज नक्की काय करतोस?" असं विचारलंत. हाच प्रश्न आई विचारते, संघप्रियाताई विचारते, आणि महिन्यातून एकदा माझे गाईड महिपती सरसुद्धा विचारतात. फोनवर सांगितलं असतं, पण टॉवेलच्या मिलमधल्या बॉयलरनं तुमचे कान आधीच खाल्लेत. आणि माझा विषय ओरडून सांगितला तर गल्लीला वाटेल घरात भांडण लागलंय. म्हणून पत्र.

तर कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी काय करतो, ते सांगतो. एक सपाट पत्रा घ्या. खालून तापवा. मधला भाग तापून फुगायला बघतो, कडा थंड असतात म्हणून त्या त्याला आवळून धरतात. या ओढाताणीत पत्र्यात कुठे किती ताण येतो, ते मी काढतो. सगळ्या पत्र्याचं गणित एकदम सुटत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्याचे वहीतल्या चौकटींसारखे हजारो तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, बाबा रे, तू किती तापलास, शेजारी तुला किती ओढतोय? याला फायनाइट एलिमेंट म्हणतात. पत्रा पातळ असला की त्याच्या जाडीच्या दिशेचा ताण सोडून देतात, त्याला प्लेन स्ट्रेस. सर म्हणतात, काय सोडून द्यायचं हे कळायलाच अक्कल लागते. सोडून द्यायला मी फार लवकर शिकलो.

माझा पत्रा म्हणजे ताईचा तवा. ताईचं कडक भाकरीचं काम आता जोरात आहे. आपल्या अंगणातल्या शेडमध्ये सहा बायका असतात. दिवाळीआधी तिनं चार फूट बाय दोन फूट बिडाचा तवा ओतून घेतला, एका वेळी आठ भाकऱ्या. सरांना नुसतं गणित चालत नाही, खरी मोजमापं हवीत. म्हणून गेल्या रविवारी मी ड्रिल आणून तव्याला पेन्सिलीएवढी पाच भोकं पाडली आणि त्यांत तापमान मोजायच्या तारा बसवल्या. त्या सहा जणींतली सगळ्यात जुनी नागूमावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आरं, चांगल्या तव्याला भोकं कशापायी? भाकरीचं कान टोचायचं हायती का?" सगळ्या हसल्या. मीपण हसलो, पण शास्त्रज्ञासारखा, जरा वरून.

आईचा तुम्हाला जयभीम.

तुमचा,
रत्नदीप


वैराग
२० जानेवारी २०२५

चि. रत्नदीप यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं नाही याची खात्री झाली. पण तुकड्या-तुकड्याला विचारायचं, हे मला आवडलं. मिलमध्ये आमचा साहेब सगळ्यांना मिळून एकदाच विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही.

मी सत्तावीस वर्षं बॉयलरपाशी काढली. तिथे एक काच होती पाण्याची आणि एक काटा होता वाफेचा. तेवढ्यावर आम्ही भागवलं आणि अख्ख्या सोलापूरचे टॉवेल रंगवले. तुला एका तव्यासाठी पाच तारा लागतात, म्हणजे तू माझ्यापेक्षा पाचपट हुशार. एक गोष्ट मात्र विचारतो. आमच्याकडे बॉयलरच्या पत्र्याला भोक पाडायचं तर इन्स्पेक्टरची सही लागायची. तुझ्याकडे कुणाची होती?

नागूबाईला माझा जयभीम सांग. तुझी आई बिडी कारखान्यात जायची तेव्हा तुला भाकरी कुस्करून तिनंच घातलीय. तू ती अर्धी सांडायचास. तेव्हापासून संशोधकच.

तुझा मामा,
सिद्राम


सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

सही माझीच होती. तीन वर्षं शिकतोय, एका भोकाएवढा अधिकार मिळायला हवा.

बातमी मोठी आहे. जुळलं! कॉम्प्युटरमधला तवा मी दिवाळीतच तयार करून ठेवला होता. त्याचं तापमान आणि खऱ्या तव्याचं तापमान, दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर फरक फक्त चार टक्के. महिपती सरांनी चष्मा काढून पाहिलं, मग घालून पाहिलं, आणि म्हणाले, "रत्नदीप, एप्रिलअखेर प्रबंध जमा कर." मी घरी येताना पेढे आणले. आपल्या गल्लीतला पहिला डॉक्टर, तोही सुई न टोचणारा, असं आई शेजारणींना सांगत सुटलीय. मी आरशासमोर उभं राहून "डॉक्टर रत्नदीप" म्हणून पाहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा ताई आत आली.

फक्त एका गोष्टीनं वैताग आणला. नागूमावशी दर आठ भाकऱ्यांनंतर तव्यावरून ओलं फडकं फिरवते, जळकं पीठ निघावं म्हणून. तिनं फडकं फिरवलं की माझा आलेख दचकून खाली येतो. मी म्हटलं, "मावशी, मोजणी होईपर्यंत तरी नका फिरवू." म्हणाली, "मग भाकरीला काळं ठिपकं पडतील. तुजा कागुद खानार हाय का कुनी?" शेवटी आलेखातले तेवढे खड्डे मीच पुसले आणि तळटीप लिहिली, "बाह्य अडथळा." मावशी माझ्या प्रबंधात आहे मामा, पण अडथळा म्हणून.

तुमचा,
रत्नदीप


सोलापूर
२४ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,
जयभीम.

दीड महिना पत्र नाही, माफ करा. इथे वाईट झालंय.

गेल्या मंगळवारी सकाळी तवा फुटला. ठण्णकन आवाज आला, शेजारचे धावत आले. नागूमावशीचं फडकं नुकतंच फिरलं होतं आणि तिच्याच बाजूला तव्याला भेग गेली. कुणाला लागलं नाही. पण चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी ताईनं गावोगावच्या मंडळांचं काम घेतलंय, त्यामुळे ती आधीच टेकीला आली होती. सगळ्यांसमोर मावशीला म्हणाली, "किती वेळा सांगितलं, तापल्या तव्याला पाणी लावू नका!" खरं तर तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणाली, "चाळीस वर्सं लावतीया. कदी फुटला न्हाय."

मग ताई माझ्याकडे वळली. "रत्ना, तू सांग. ओल्या फडक्यानं तवा फुटतो का?"

मामा, पुस्तकाप्रमाणे बीड तापलेलं असताना पाणी लागलं तर ते फुटू शकतं. तसं मी म्हणालो. "फुटू शकतो."

मावशीनं हातातलं फडकं परातीच्या काठावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही. गल्लीतल्या नळावर बायका म्हणतात, म्हातारपणी हात चुकला तिचा. ताईला वाईट वाटतंय, पण तिला वेळ नाही. तात्पुरता पोलादी पत्रा आणलाय, त्यावर काम चाललंय.

माझी मोजमापं आधीच पूर्ण झाली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

तुमचा,
रत्नदीप


वैराग
३० मार्च २०२५

चि. रत्नदीप,
जयभीम.

वाचून वाईट वाटलं. तव्याचं नाही, तो पुन्हा ओतता येतो. नागूबाईचं.

मला जरा नीट सांग. भेग कुठून सुरू झाली आणि कुठे गेली? सरळ गेली की वाकडी? चित्र काढून पाठव, तुला चित्रं छान येतात. मी अडाणी माणूस, पण बॉयलरचा पत्रा गेला की आम्ही पहिल्यांदा भेगेचं तोंड शोधायचो. ज्याला त्याला ओरडणं नंतर व्हायचं.

मामा


सोलापूर
६ एप्रिल २०२५

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत कशी आहे? इकडे उन्हानं कहर केलाय, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कॉलेजात पंखे फिरतात, पण गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायला. प्रबंधाची दोनशे बारा पानं झाली. परवा एक प्रत छापून घरी आणली तर आईनं तिला आधी हळद-कुंकू वाहायला हात उचलला, मग आपण आता ते करत नाही हे आठवून कपाटात ठेवलं. ताईचं काम बरं चाललंय, पण पोलादी पत्र्यावर भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. गिऱ्हाईकं विचारतात, नागूबाईच्या हातची कुठाय? ताई सांगते, गावाला गेलीय.

तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या. जयंतीला येणार असाल तर कळवा, स्टँडवर घ्यायला येईन.

तुमचा,
रत्नदीप

ता. क. भेगेचं चित्र पुढच्या पत्रात पाठवतो. हल्ली स्केल सापडत नाही.


वैराग
१० एप्रिल २०२५

चि. रत्नदीप,
जयभीम.

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मास्तराला स्केल सापडत नाही, हे वाचून मी काय ते समजलो. सोबत मीच चित्र काढून पाठवतोय. चौकोन म्हणजे तवा. गोळे म्हणजे तुझी भोकं, ती कुठे असतील ते अंदाजानं काढलीत. एक गोळा काठाजवळ काढलाय. त्या गोळ्यापासून काठापर्यंत रेघ मारलीय. बरोबर असेल तर काही लिहू नकोस. चूक असेल तर दुरुस्त करून परत पाठव, मी तुझी माफी मागेन.

जयंतीला मी येत नाही. डीजेचा माझ्या कानांना आता काही त्रास होत नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघायची इच्छा नाही. नागूबाईला खरं सांगून झालं की येईन.

मामा


सोलापूर
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं चित्र दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. फक्त भोक तुम्ही काठापासून चार बोटं दाखवलंत, ते दोन बोटांवर होतं.

सगळं सांगतो. तवा फुटला त्या दिवशीच, बायका पांगल्यावर मी उकिडवा बसून पाहिलं होतं. भेग माझ्या भोकातून निघाली होती आणि काठापर्यंत गेली होती. मामा, दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक चित्र काढतो, सपाट पत्रा आणि त्याला एक भोक. मग खडू आपटून सांगतो, लक्षात ठेवा, भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. परीक्षेला हमखास येतं. सहा वर्षं हे शिकवतोय. आणि त्याच हातानं ड्रिल धरून, तव्याच्या सगळ्यात जास्त ताणलेल्या काठाजवळ, मापं घेऊन, खूण करून मी भोक पाडलं. कॉम्प्युटरमधला तवा दिवाळीतला, त्याला भोकच नव्हतं. त्यामुळे तो आजही ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गणित परत केलं. भोक नाही आणि ओलं फडकं फिरवलं, तर तवा टिकतो. भोक आहे आणि फडकं फिरवलंच नाही, तरी तो आज ना उद्या जातोच. म्हणजे चोवीस मार्चला तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ताईला मी "फुटू शकतो" म्हणालो ते पाहण्याआधी, पण पाहिल्यानंतर महिनाभर तोंड शिवून बसलो ते मुद्दाम. एप्रिलअखेर प्रबंध जमा करायचा होता. आईनं गल्लीभर सांगितलं होतं. लाज वाटत होती, हेच खरं. बाकीचं मी स्वतःला सांगायला जुळवलेलं.

तुमचं पत्र बाराला मिळालं. तेराला सकाळी नागूमावशीकडे गेलो. ती चुलीपुढे बसून स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या करत होती. मी दारातच सांगून टाकलं, बसायच्या आधी, नाहीतर बसल्यावर चहा झाला असता आणि मी परत उन्हाळ्यावर बोललो असतो. भोक, काठ, गणित, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल. तयारी करून गेलो होतो.

ती म्हणाली, "म्हंजी फडक्यानं न्हाय फुटला?"

"नाही मावशी. माझ्यामुळे फुटला."

"खरं सांगतूस? का मला बरं वाटावं म्हनून?"

तेव्हा माझं लक्ष तिच्या तव्याकडे गेलं. त्यावर जळकं पीठ थरावर थर साचलं होतं. परातीतल्या भाकरीला काळे ठिपके होते. घरात फडकं कुठेच दिसेना. मी विचारलं, तर म्हणाली, "आता न्हाय लावत मी पानी. तू सांगितलंस नव्हं, फुटतो म्हनून. तू शिकल्याला. मी रातंदिस इचार केला, चाळीस वर्सं नशिबानं वाचलो आसंल, म्हनलं. पोरं-सोरं बसत्यात तव्यापाशी, कुनाला भाजलं आसतं म्हंजी?"

मामा, मी समजत होतो की तिच्यावर खोटा आळ आलाय हे तिला माहीत आहे, आणि ती माझ्यावर चिडून घरी बसलीय. चिडलेली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. मला दारात उभं राहून रडू आलं. तिनंच उठून पाणी दिलं.

मग म्हणाली, "हितं मला एकटीला सांगून काय व्हतंय? सा जनींच्या म्होरं तू त्वांड उघडलं व्हतंस. तितंच उघड."

त्याच दिवशी दुपारी शेडमध्ये सगळ्या असताना सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या कामाची घाई होती, कुणाचे हात थांबेनात, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. ताईनं पत्र्यावरची भाकरी तशीच सोडली. म्हणाली, "महिनाभर गप बसलास?" आणि हातातलं उलथनं माझ्या दिशेनं फेकलं. नेम चुकला. ती तशीच उठून मावशीकडे गेली. दोघींत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही. नळावर आता बायका म्हणतात, शिकून येडा झाला. ते मला मान्य आहे.

महिपती सरांना फुटका तवा आणि नवं गणित दाखवलं. त्यांनी चष्मा काढून भेगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "भोक दाखवलंस तर परीक्षक त्या भोकातूनच आत शिरतील." मी म्हटलं, शिरू देत. प्रबंध सहा महिने पुढे गेला. "बाह्य अडथळा" ही तळटीप काढली, आलेखातले खड्डे परत आणले, आणि तिथे नागूमावशीचं नाव, दर आठ भाकऱ्यांनंतर एकदा, असं लिहिलं. आईनं कपाटातली प्रत मला परत दिली.

मावशी काल कामावर आली. नवा तवा आलाय, बिडाचाच, त्याला हात लावायची मला बंदी आहे. मी दारापाशी पिठाच्या पोत्यावर बसून होतो. पहिल्या आठ भाकऱ्या उतरल्या. कडेला पीठ जळायला लागलं. तिनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, तव्याजवळ नेलं आणि तिथंच थांबली. मान वळवून मला विचारलं, "फिरवू का रं?"

मी म्हटलं, "फिरवा मावशी." तिनं फिरवलं. पुढच्या आठ उतरल्यावर तिनं परत माझ्याकडे बघितलं. दुपारपर्यंत हेच चाललं होतं, दर वेळी फडकं हातात, आणि दर वेळी माझ्याकडे नजर. चाळीस वर्षांत तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं, मामा.

तुमचा,
रत्नदीप